तेरा पानं, एक अंगठा

पहिल्या आवृत्तीत पत्ते वाटायला जवळजवळ आठ सेकंद लागायचे, आणि त्या आठ सेकंदांचा मला फार अभिमान होता. प्रत्येक पान गड्डीतून सुटायचं, हवेत जरासं वळायचं आणि आपल्या जागी टेकताना थरथरायचं. माझा सहकारी चित्रं काढतो, मी प्रोग्रॅम लिहिते. त्या एका वाटपावर आम्ही दोघांनी अख्खा पावसाळा घालवला. ज्याला दाखवलं तो ‘वा’ म्हणाला. मग मावशीने फोन हातात घेतला. पहिल्या डावाला तीही ‘वा’ म्हणाली. तिसऱ्या डावाला तिने फोन मांडीवर ठेवला आणि वाटून होईपर्यंत शेंगा सोलायला घेतल्या.

खेळ होता मेंढीकोट. नवी मुंबईत तयार झालेल्या लुडो किंगने २०२० च्या टाळेबंदीत वेगवेगळ्या गावांत अडकलेल्या घरांना फोनवर एकत्र बसवलं होतं. ते बघून आम्हाला वाटलं, आपल्या पत्त्यांचं असं काही का करू नये? ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चौघे खेळतात, समोरासमोरचे दोघे भिडू. प्रत्येकाला १३ पानं. ज्या रंगाची उतारी त्याच रंगाचं पान टाकायचं. ते नसेल तर हुकूम मारायचा किंवा एखादं भुक्कड पान फेकायचं. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. तीन पकडल्या की डाव जिंकला, चारही पकडल्या की कोट. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले. हुकूम ठरवायच्या रीती घरोघरी वेगळ्या. आमच्याकडे कट हुकूम, म्हणजे उतारीचा रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा नसेल, त्याने टाकलेल्या पानाचा रंग तो हुकूम. एवढा एक नियम लक्षात ठेवा. माझी सगळ्यात मोठी फजिती त्याच्यावरून झाली.

तर ते आठ सेकंद. सतरंजीवरही वाटायला वेळ लागतोच, उलट जास्त लागतो. मग मावशीला फोनवरचे आठ सेकंद का खुपले? सतरंजीवर पत्ते आधी पाच, मग चार-चार असे येतात. पहिली पाच हातात पडली की माणूस ती उचलतो, लावतो, नाक मुरडतो, भिडूकडे बघतो. आधीच्या डावाचं भांडण बाजूला चालूच असतं. वाटणारा सोडला तर कुणी वाट बघत बसलेलं नसतं. मी मात्र वाटप संपेपर्यंत पानांना हात लावायची सोयच ठेवली नव्हती. आणि हे वाटपापुरतं नव्हतं. प्रत्येक हात जिंकला की चार पानं गोल फिरत गोळा व्हायची, त्याला दोन सेकंद. तेरा हातांचे झाले सव्वीस. डावामागे अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ मी माणसाला नुसतं बसवून ठेवत होते आणि त्याला शोभा म्हणत होते. आता वाटप दीड सेकंदात होतं, पहिली पाच पानं पडताच लावायला घेता येतात आणि पडद्यावर कुठेही बोट टेकवलं की उरलेलं वाटप झटक्यात संपतं. पान हवेत वळतं अजून. पण ते आता फक्त आम्हा दोघांनाच दिसतं.

पुढच्या बऱ्याच चुका याच जातीच्या. पत्त्यांच्या बैठकीत काही गोष्टी फुकट मिळतात, इतक्या फुकट की त्या आहेत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. फोनवर त्यातली प्रत्येक गोष्ट मुद्दाम बांधावी लागते. मी ती बांधायची सोडून, बैठकीत कधीच नव्हत्या अशा गोष्टी बांधत सुटले होते.

अंगठ्याचंच घ्या. साधा अँड्रॉइड फोन उभा धरला की आमच्या मापात त्याचा पडदा साधारण ३६० एकक रुंद भरतो. तेरा पानं पंख्यासारखी पसरली तर एकेकाच्या वाट्याला सत्तावीस-अठ्ठावीस एकक येतात. बोटाने दाबायची कुठलीही जागा किमान ४८ एकक असावी असं गूगल सांगतं, ॲपल ४४ पॉइंट म्हणतं. लक्ष्य जेवढं लहान आणि दूर तेवढा नेम धरायला वेळ जास्त, हे पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच सूत्रात मांडलेलं आहे. हे सगळं मला पाठ होतं. तरीही मी तेरा पानांचा पंखा तसाच ठेवला, कारण हातातले खरे पत्ते असेच एकमेकांवर चढलेले असतात आणि तो पंखा दिसायला सुरेख होता. पण हातातल्या पत्त्यांना कडा असतात. पंखा डाव्या हातात धरून उजव्याने नेमकं पान ओढता येतं. फोनच्या काचेला कड नाही, आणि दुसरा हात बहुधा भलत्याच कामात असतो. स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये सार्वजनिक ठिकाणी फोन वापरणाऱ्या १,३३३ लोकांची निरीक्षणं मांडली. त्यांतल्या पडद्यावर बोट चालवणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हातात फोन धरून अंगठ्याने काम भागवत होते. आपल्याकडे लोकलच्या दारात उभं राहिलं तर हे सांगायला अभ्यासाची गरज पडत नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. टाकायची होती चौकटची तिर्री, पडली शेजारची दश्शी. मेंढी गेली, भिडू ओरडला. बैठकीत ‘अगं, चुकून पडलं, उचलते’ म्हणायची सोय असते. त्यावर भांडण होतं, पण सोय असते. मी यावर उपाय केला तो चुकीपेक्षा वाईट होता: प्रत्येक पानाला ‘हे पान नक्की टाकायचं?’ असा प्रश्न. डावात तेरा वेळा. शेवटच्या पानालासुद्धा, जिथे दुसरं पानच उरलेलं नसतं! मग फोन आडवा केला. पानं ऐसपैस बसली, पण आडवा फोन दोन्ही हात मागतो आणि लोकलमधला माणूस एका हाताने कडी धरून उभा असतो.

उत्तर खेळाच्या नियमातच पडलेलं होतं. उतारी कुणा दुसऱ्याची असेल तर तेरातली बहुतेक पानं टाकताच येत नाहीत. त्या रंगाची तीन-चार काय ती चालतात. तेवढीच वर उचलायची, रुंद करायची, बाकीची खाली मिटवून ठेवायची. तीन-चार पानांना ४८ एकक सहज मिळतात. स्वतःची उतारी असते तेव्हा सगळी तेरा मोकळी असतात, म्हणून पहिल्या स्पर्शाने पान नुसतं वर येतं आणि वर सरकवलं तरच पडतं. चुकीचं वर आलं तर बोट बाजूला नेलं की झालं. एवढं सुचायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला. आणि ते सुचल्यावरही कडेच्या पानाने गोत्यात आणलंच. अँड्रॉइड १० पासून पडद्याच्या डाव्या-उजव्या कडेवरून आत बोट ओढलं की फोन मागे जातो. माझी दोन पानं नेमकी त्या कडांना चिकटलेली. इस्पिकचा एक्का मारायला जावं आणि ‘खेळ सोडायचा का?’ असं विचारलं जावं, हे काही महिने चालू होतं. माझ्या स्वतःच्या फोनवर जुनी तीन बटणांची पद्धत होती, त्यामुळे मला ते कधी दिसलंच नाही.

माझ्या फोनने मला आणखीही फसवलं. तो महाग आणि चपळ. त्यावर सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे प्रत्येक चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास, हा हिशेब कधी चुकला नाही. दोन जीबीच्या फोनवर हात गोळा होताना खेळ उचकी लागल्यासारखा अडखळायचा, कारण प्रत्येक हाताला मी नव्या वस्तू बनवून जुन्या फेकत होते आणि तो कचरा काढायला फोन मध्येच थांबत होता. शिवाय खेळ बंद करेपर्यंत फोन तापलेला. पत्त्यांच्या खेळात बहुतेक वेळ पडद्यावर काहीच हलत नाही. माणूस विचार करत असतो. तेव्हाही मी तेच स्थिर चित्र सेकंदाला साठदा रंगवत होते. हलेल तेव्हाच रंगवायचं, एवढी एक सुधारणा केल्यावर फोन तापल्याच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या.

आता अक्षरांबद्दल, कारण मराठीत खेळ करणाऱ्या कुणालाही हा खड्डा चुकत नाही. संगणकाच्या पोटात ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर साठवलेली असते. ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी. ती उचलून क च्या आधी नेऊन बसवायची, अर्ध्या अक्षरांना त्यांचं रूप द्यायचं, रफार डोक्यावर चढवायचा, हे काम करणारी एक वेगळी यंत्रणा लागते. ब्राउझरमध्ये ती असते, फोनच्या संदेशांत असते. आम्ही खेळ बांधायला जे इंजिन वापरत होतो त्याच्या मजकुरात ती नव्हती. आलेली चिन्हं ते एकामागून एक मांडून मोकळं व्हायचं.

आणि मला हे कळलं नाही, कारण मी तपासताना एकच शब्द पाहिला: मेंढीकोट. पुन्हा बघा त्याच्याकडे. ऱ्हस्व वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, रफार नाही. अख्ख्या खेळात मजकुराचे जेमतेम शेदोनशे शब्द, त्यांतला शाबूत राहील असा नेमका शब्द मी तपासायला निवडला. खेळ बाहेर गेला तेव्हा किलवरची वेलांटी भलतीकडे लोंबत होती, इस्पिकचा स पाय मोडून उघडा पडला होता, आणि ‘तुम्ही जिंकलात’ हे वाक्य जिंकणाऱ्यालाही वाचता येत नव्हतं. अर्ज, फलक, सरकारी संकेतस्थळं, सगळीकडे मोडकी देवनागरी पाहायची सवय झाल्यामुळे असेल, पण लोकांनी त्याबद्दल फारशी कुरकुरही केली नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

पहिला उपाय म्हणून आम्ही सगळे शब्द चित्रं करून टाकले. ते दिसायला उत्तम. पण खेळाडूचं नाव कुठून चित्र करणार? एखादी प्रिया आली की परत तेच. मग युनिकोडच्या आधीच्या काळातला, टंकलेखन यंत्राच्या धाटणीचा फॉन्ट घेतला. त्यात वेलांटी दिसते त्या क्रमानेच आधी टंकायची असते, त्यामुळे भोळ्या इंजिनालाही तो जमतो. बरेच जण असंच करतात. पण युनिकोडमधलं प्रत्येक नाव त्या जुन्या साच्यात ओतायला लागायचं आणि दर थोड्या दिवसांनी एखादं नवं जोडाक्षर फुटायचं. शेवटी अक्षरं नीट जुळवणारी मोफत उपलब्ध यंत्रणा इंजिनला जोडली. हे पहिल्या दिवशी करायचं काम होतं. वाटपातल्या पानाला हवेत किती अंश वळवायचं, यावर आम्ही त्याआधी वादही घातले होते.

चौघे चार फोनवरून खेळू लागले तेव्हा मी एक नियम केला: दहा सेकंद संपर्क तुटला की तो पळून गेला असं धरायचं आणि डाव त्याच्या जोडीवर चढवायचा. नियम कडक ठेवला, कारण हरायला लागल्यावर खेळ बंद करणारे लोक असतात. पण पुणे-मुंबई गाडीत खेळणाऱ्यांचं काय? लोणावळ्याहून कर्जतकडे घाट उतरताना बोगद्यामागून बोगदा लागतो आणि प्रत्येक बोगद्यात फोन मुका होतो. कोट होत आलेला डाव बोगद्यात हरलेल्या एका बाईंचा संदेश मी बरेच दिवस उत्तर न देता ठेवून दिला होता. दुसरा प्रकार फोन येण्याचा. आईचा फोन आला, माणसाने उचलला, खेळ मागे गेला. परत येतो तर डाव गायब. मी डाव कुठे जपूनच ठेवलेला नव्हता. खरं तर जपायचं असतं किती? बावन्न पानांतलं प्रत्येक पान कुठे आहे हे लिहायला चाळीसेक बाइट पुरतात. या परिच्छेदाला त्याच्या कित्येक पट लागतात. बैठकीत कुणी दार उघडायला उठलं तर मागचा कुणीतरी म्हणतो, ‘बस, मी टाकतो तुझं पान.’ आता तसंच होतं. माणूस गेला की संगणक त्याच्या जागी बसतो, बोगदा संपला की निमूट उठतो.

संगणकाचे खेळाडू हा वेगळाच विषय. सुरुवातीला ते क्षणात पान टाकायचे. तीन पानं एकदम पडायची आणि कुणी काय टाकलं तेच कळायचं नाही. म्हणून मी त्यांना विचार करायला लावलं: हातात टाकण्याजोगी पानं जास्त तर थांबा जास्त. फार नैसर्गिक वाटलं मला ते. माझ्या भाच्याने एका सुट्टीत ते फोडलं. ‘मावशी, हा पटकन टाकतो ना, तेव्हा त्याच्याकडे त्या रंगाचं ते एकच पान असतं. पुढच्या वेळी हुकूम मारणार तो.’ तो जिंकत सुटला होता. मी लगेच सगळ्यांचा थांबा सारखा करून टाकला, आणि खेळ कोरडा पडला. कारण माणसंही एकमेकांना असंच वाचतात. आमचे बाबा एकच पान हातात असताना मुद्दाम कपाळाला आठ्या घालून बसायचे. आता संगणकाचे खेळाडू कधी खरे थांबतात, कधी खोटे. भाचा वैतागला, पण खेळतो.

बक्षिसं, जाहिराती आणि रोजच्या हाकांबद्दल फार लिहीत नाही; सगळ्यांनी ते भोगलेलं आहे. कँडी क्रशमध्ये पाच जीव आणि अर्ध्या तासाला एक नवा मिळतो, म्हणून आम्हीही ठरावीक डावांनंतर लोकांना ताटकळत ठेवून पाहिलं. चौघांच्या खेळात एकाचे डाव संपले की उरलेले तिघे रिकामे बसतात, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. डाव संपून निकाल लागण्याच्या मध्ये जाहिरात घातली. तिच्या फुलीचं माप ४८ एकक नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. रात्री आठला ‘तुमची पानं वाट बघताहेत’ असा निरोप. आलेखात माणशी वेळ वाढला आणि आम्ही पेढे खाल्ले. तोच डाव खेळायला लोकांना जास्त वेळ लागत होता, इतकाच त्या आलेखाचा अर्थ होता. फ्लॅपी बर्ड सगळ्या जगात गाजत असताना त्याच्या कर्त्याने, व्हिएतनामच्या डाँग न्यूयेन यांनी, तो २०१४ च्या फेब्रुवारीत स्वतःहून काढून घेतला, लोक त्याच्या फारच आहारी जातात म्हणून. मला तेव्हा तो माणूस वेडा वाटला होता.

आता पिसण्याकडे येते.

‘पानं लावलेली आहेत’ ही तक्रार पहिल्या आठवड्यापासून होती. पत्त्यांच्या प्रत्येक ॲपला ती ऐकावी लागते, म्हणून मी ती मनावर घेतली नाही. मग एकदा जुना प्रोग्रॅम चाळताना दिसलं की मी पिसणंच चुकीचं लिहिलं होतं. प्रत्येक पान घ्यायचं आणि बावन्नातल्या कुठल्याही जागेशी त्याची अदलाबदल करायची, असं माझं चाललं होतं. वाटतं बरोबर. तीनच पानं घेऊन बघा: तीन अदलाबदली, प्रत्येकीला तीन पर्याय, म्हणजे २७ वाटा. तीन पानांच्या मांडण्या मात्र सहा. सत्तावीसला सहाने भाग जात नाही, म्हणून काही मांडण्या २७ पैकी पाच वेळा येतात, काही चार वेळा. योग्य रीत यातच जराशी बदलून होते: एकदा बसवलेलं पान पुन्हा हलवायचं नाही, उरलेल्यांतूनच निवडायचं. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांच्या नावाने ती १९३८ पासून माहीत आहे, आणि अभ्यासक्रमात मला शिकवलेलीही होती.

पिसण्यातली चूक कुठवर जाऊ शकते, याचं नामांकित उदाहरण १९९९ चं आहे. एका ऑनलाइन पोकरमध्ये पिसण्याची सुरुवात संगणकाच्या घड्याळावरून व्हायची, मध्यरात्रीपासून उलटलेल्या मिलिसेकंदांवरून. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. बावन्न पानांच्या मांडण्या ८ वर ६७ शून्यं इतक्या. म्हणजे शक्य मांडण्यांचा अगदी कणभर तुकडाच त्या खेळात कधी येऊ शकत होता. अमेरिकेतल्या सुरक्षा-तज्ज्ञांनी दाखवून दिलं की पाच पानं दिसली की बाकी सगळ्यांच्या हातातली पानं सांगता येतात. माझ्या खेळात पैसा नव्हता, आणि माझी चूक कुठल्या खेळाडूला जाणवण्याइतकी मोठीही नव्हती. मी ती दुरुस्त केली आणि निश्चिंत झाले.

तक्रारी तशाच राहिल्या. उलट वाढल्या. आता लोक म्हणत होते, पानं मिळमिळीत येतात.

यावर मी जे केलं ते मी सहकाऱ्यालाही लगेच सांगितलं नव्हतं. सलग दोन डाव हरलेल्याला तिसऱ्या डावात एक दश्शी जादा द्यायची, असा झुकाव मी पिसण्यात घातला. स्वतःला समजावलं की ही मदत आहे, लहान मुलाला खेळताना आपण जिंकू देतोच की. लोक खूष झाले, तारे वाढले. मग आमच्या इमारतीतले एक काका, रेल्वेतून निवृत्त झालेले, जिन्यात भेटले. ते आमचा खेळ रोज खेळायचे आणि कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडायचे. म्हणाले, ‘दोन हरलो की तिसऱ्याला दश्शी येतेच हो हातात. तुमचा फोन माझ्यावर दया करतोय का?’ मी नाही म्हटलं. खोटं बोलले. त्यांनी कॅलेंडर आणून दाखवलं नाही, एवढा मोठेपणा केला. पण त्यानंतर त्यांनी खेळ काढून टाकला हे मला त्यांच्या सुनेकडून कळलं.

झुकाव काढला. आणि मग पहिल्यांदा, जे आधी करायला हवं होतं ते केलं: आजोळी गेल्यावर खेळायला न बसता नुसतं बघत बसले. डाव संपला की जिंकलेले हात एकावर एक ठेवून गड्डी होते. प्रत्येक हात म्हणजे बहुतेक एकाच रंगाची चार पानं. मग जो कुणी पिसतो तो बोलता बोलता दोन-तीनदा पिसतो. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखवलं की गड्डीचे दोन भाग करून फर्रकन मिसळायच्या पद्धतीनेसुद्धा बावन्न पानं नीट मिसळायला सात वेळा पिसावं लागतं. आमच्याकडे तशी फर्रकन पिसणारी एकच मामी, आणि सात वेळा पिसण्याइतका धीर तिलाही नाही. तेव्हा एकाच रंगाची ती चौकडी बरीचशी एकत्रच राहते. ब्रिजसारखं एकेक पान वाटलं असतं तर ती चौघांत विखुरली असती. आम्ही पाच-चार-चार वाटतो. चौकडी उचलून एकाच्याच हातात पडते.

म्हणजे घरी एखाद्याला सात इस्पिक येतात आणि चौकट एकही नाही. उतारी झाली की दुसऱ्या-तिसऱ्या हातालाच कुणीतरी रिकामा निघतो, हुकूम कट होतो, आरडाओरडा. गणिताने निर्दोष पिसलेल्या गड्डीत तेरा पानांच्या हातात एखादा रंग मुळीच नसण्याची शक्यता जेमतेम पाच टक्के. सगळ्यात जास्त येणारी वाटणी चार-चार-तीन-दोन. सगळ्यांकडे सगळं थोडं थोडं. हुकूम कट व्हायला अर्धा डाव जातो. पानं लावलेली नव्हती, आणि लोकही खोटं बोलत नव्हते. त्यांना वाईट पिसलेल्या पत्त्यांची सवय होती आणि कट हुकुमाची सगळी गंमत त्या वाईट पिसण्यावर उभी होती. निदान माझा तर्क तरी असा आहे. ते करून बघितल्यावर तो टिकला.

केलं ते इतकंच की खेळात दोन पिसण्या ठेवल्या, आणि त्या काय करतात हे स्पष्ट लिहिलं. ‘खरी पिसणी’ गणिती. ‘घरची पिसणी’ आधीच्या डावाचे हात जसे पडले तसे उचलते, दोन-तीनदा कशीबशी पिसते आणि पाच-चार-चार वाटते. यात कुणावर दया नाही. वेडेवाकडे हात चौघांनाही येतात. काकांना हे सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं, कॅलेंडर दाखवलं, आणि घरच्या पिसणीत एक चूक काढली: ‘पिसल्यावर पत्ते काटायला कोण देणार? वाटणाऱ्याने काटून न घेता वाटलेले पत्ते मी आयुष्यात उचललेले नाहीत.’

पुढच्या आवृत्तीत वाटण्याआधी गड्डी समोर येते आणि बोटाने हवी तिथे काटता येते. खऱ्या पिसणीत त्याने शक्यतांत काडीचा फरक पडत नाही. घरच्या पिसणीत पडतो. हे आम्ही सूचनेत लिहून ठेवलं आहे. लोक दोन्हीकडे काटतात, आणि ज्याने काटलं त्याला शिव्या घालतात.